एक रिकामा चिमटा

ता. ६, रविवार

चि. ठकीस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तिकडचं फोनवर कळतं, पण अर्धंच, म्हणून पत्र.

तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती जिने चढायचं सोडत नाही. दुकानात गर्दी आहे. उन्हाळा सरत आला की लोकांना एकदम आठवतं, आपल्याकडे पाण्याचा पंप आहे आणि तो बंद पडलाय. आता हाताखाली माणसं आहेत, पण आलेल्या पंपाला आधी कान मीच लावतो. खोड आहे, जात नाही.

पोरांना शाळेत न धाडता तू चालवलेली घरातली शाळा मला पटली आहे, म्हणजे निदान सवयीची झाली आहे. सकाळी फोन केला की माझा धाकटा नातू टोळ सोफ्यावरून उड्या मारत पाढे म्हणत असतो, जावईबापू इस्पितळातली रात्रपाळी संपवून उशीखाली डोकं घालून घोरत असतात, आणि तू भाजी परतता परतता कुठल्यातरी राजाला गादीवरून खाली ओढत असतेस. सगळे आवाज जागच्या जागी आहेत. मैनेचा तेवढा नाही. जी पोरगी भांडी विसळतानासुद्धा गाते, तिची नुसती भांडीच ऐकू येतात. घसा बसलाय का? की मायलेकींचं वाजलंय? पंप बंद पडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, एवढं मला कळतं. लेकरांचं तुला जास्त कळतं. काय ते लिही.

आहे तो लोभ उत्तर पाठवून वाढव.

तुझे,
अप्पा

ता. १०, गुरुवार

ती. अप्पांस, सा. न. वि. वि.

घसा ठणठणीत आहे आणि भांडणही नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान काय झालंय ते कळलं असतं.

दर उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही जेवायच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपड्यांची दोरी बांधतो. येत्या वर्षात काय काय शिकायचं, ते कागदाच्या पट्ट्यांवर लिहून चिमट्यांनी टांगायचं. मग प्रत्येकाने नको असलेली एक पट्टी काढायची आणि हवी असलेली एक लावायची. का, ते कोणी कोणाला विचारायचं नाही. हा नियम माझा. तोसुद्धा एका पट्टीवर लिहून सगळ्यांत पुढे टांगलेला असतो. लहानपणी तुम्ही मला शिंकेचंही कारण विचारायचात, त्याचा हा सूड समजा.

यंदा टोळाने शुद्धलेखन काढलं आणि 'झाडावर राहणे' लावलं. यांनी 'व्यायाम' काढून 'दुपारी शांतता' लावलं. मैनेने काही काढलं नाही, काही लावलंही नाही. रोज दोरीखाली जाऊन उभी राहते आणि तशीच परत येते.

मला वाटतं, तिला शाळेत जायचंय. गल्लीच्या टोकाला शाळा आहे, तिथे सुट्टीतच समूहगानाची तालीम सुरू झाली आहे. तेवढा वेळ ही त्या बाजूची खिडकी पुसत असते. आमच्या घरात तेवढीच एक खिडकी लखलखीत आहे. शाळेत नवी नावं महिनाअखेरपर्यंतच घेतात. विचारावं तर माझाच नियम मोडतो, न विचारावं तर तिचं वर्ष हातचं जातं. आणि खरं सांगू, नियम हे निमित्त आहे. मला भीती वाटते. ती हो म्हणाली, तर मी इतकी वर्षं केलं काय?

आईच्या गुडघ्याला गरम शेक द्यायला सांगा, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ठकी

ता. १३, रविवार

चि. मैनेस आजोबांचे गोड आशीर्वाद.

तुमच्या घरचा नियम तुमच्या घरात. मी दुसऱ्या गावचा माणूस, म्हणून सरळ विचारतो: दोरीशी काय अडलंय? मनात आलं तर सांग. मी कोणाला सांगणार नाही. दुकानात लोक पंपाबरोबर घरातल्या भानगडीही टेबलावर ओततात. आजवर त्यातली एकही बाहेर गेलेली नाही. तुझ्या आजीपर्यंतसुद्धा नाही, आणि ती तर कान टवकारून बसलेली असते.

उत्तर लांबलचक चालेल, चुका चालतील.

तुझे,
आजोबा

ता. १७, गुरुवार

ती. आजोबांस शि. सा. न.

मला शाळेत जायचंय, पण गाण्यासाठी. घरी मी एकटीच गाते. तिथे सगळी मुलं गाण्याआधी एकदम श्वास घेतात. तो मला खिडकीतून ऐकू येतो.

माझी पट्टी लिहून तयार आहे. पण दोरीवर एकही चिमटा रिकामा नाही. या वर्षी आईने घरातले सगळे वापरले. आधी माझ्यासाठी काहीतरी काढावं लागेल आणि सगळं तिच्या अक्षरात आहे. 'तारे' काढले तर आमचं गच्चीवर झोपणं बंद होईल. 'शिवण' काढली तर तिला वाटेल, मला तिच्याजवळ बसायला नको. 'ज्वालामुखी' तिने चित्र काढून सजवलाय. टोळ म्हणतो त्याची पट्टी काढ, पण तो नंतर त्याचे पैसे मागेल.

मला यातलं काहीच नको झालेलं नाही. मला फक्त आणखी एक हवंय. आईला सांगू नका. तुम्ही कबूल केलंय.

आजीला नमस्कार, तुम्हाला दोन.

तुमची,
मैना

ता. २०, रविवार

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

मैनेला मी पत्र टाकलं होतं, तिचं उत्तर आलं. काय आलं ते सांगणार नाही. शब्द दिलाय, खोदू नकोस.

सोबत पुडकं आहे. त्यात कपड्यांचा एक चिमटा आहे. तुझ्या आईच्या बाल्कनीतून उचलला आणि त्यापायी बोलणी खाल्ली. तो तुमच्या दोरीला लाव आणि त्यात काही अडकवू नकोस. तुझा हात शिवशिवेल, मला माहीत आहे. दमाने घे.

इतकी वर्षं केलं काय, असं तू विचारलंस. मी पंप चालता करतो आणि गिऱ्हाईक तो घेऊन जातो. तो त्याच्या घरी पाणी चढवायला लागला म्हणून माझी मेहनत वाया गेली, असं मला कधी वाटलेलं नाही. पोरगी काही पंप नाही, हे मलाही कळतं. पण तेवढं लक्षात ठेव.

जावईबापूंना दुपारची शांतता लाभो. म्हाताऱ्याचा राग मानू नये.

तुझे,
अप्पा

ता. २९, मंगळवार

ती. अप्पांस, सा. न. वि. वि.

चिमटा पोचला त्याच संध्याकाळी लावला. टोळ लगेच 'कुत्रा' लिहून घेऊन आला. तुझी पाळी होऊन गेली, असं सांगून त्याला परत पाठवलं. दोन दिवस चिमटा तसाच होता. येता-जाता माझा हात तिकडे जायचा, मी तो पदराला पुसून मागे घ्यायचे.

शुक्रवारी सकाळी बघते तर पट्टी लागलेली. 'शाळा, गाण्यासाठी. बाकी सगळं तसंच राहू दे.' मी काहीच विचारलं नाही, नुसती पोहे निवडावेत तसे टेबलावरचे कण वेचत बसले. शेवटी तीच म्हणाली, की आई, आता तरी विचार ना.

विचारलं. मग दोघी किती वेळ बोलत होतो कोण जाणे, यांची झोपमोड झाली तेव्हा थांबलो. सोमवारी जाऊन नाव घातलं. शिवण आता शाळेतून आल्यावर, तारे सुट्टीच्या दिवशी. टोळ माझ्या वाट्याला पूर्ण आलाय, देव मला बळ देवो.

मग मैनेने आठवण करून दिली, की काढायची एक पट्टी माझीही असते. इतक्या वर्षांत मी कधी काढलीच नव्हती. या वेळी सगळ्यांत पुढची काढली, नियमाची. तिचा चिमटा आता रिकामा आहे. तो तसाच ठेवलाय.

नियम गेलाच आहे, तर विचारते: चिमट्याचं तुम्हाला कसं सुचलं?

आशीर्वादाचा हात डोक्यावर असाच राहू द्या.

तुमची,
ठकी

ता. ३, रविवार

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझा नियम गेला, माझा शब्द आहे. सांगणार नाही.

काल फोनवर तू मला भाज्यांचे भाव सांगत होतीस, त्यातलं माझ्या कानात काही शिरलं नाही. मागे भांडी वाजत होती आणि त्यांच्यावरून एक आवाज चालला होता. मध्येच थांबला, एक मोठा श्वास घेतला आणि पुन्हा सुरू झाला. टोळालाही तिने श्वास घ्यायला लावलेलं दिसतं. बेसूर गातो, पण श्वास वेळेवर घेतो.

तुम्हा सगळ्यांवर जीव आहे, तो आहेच.

तुझे,
अप्पा

ता. क. तुझी आई तिचा चिमटा परत मागते आहे. देऊ नकोस.