गोंदाची काठपट्टी

७ जानेवारी, मंगळवार

टाचणी आण्णांच्या बोटात गेली. रक्त फार नाही, एक थेंब — पण पडला तो आईच्या वाकळेवर, गोधडीतल्या हिरव्या इरकली तुकड्यावर. आण्णा बोटाकडे बघत बसले. दुसऱ्याच कुणाचं बोट असल्यासारखं.

वाकळ आईनं टाके घालून पुरी केली होती. काठपट्टी तेवढी राहिली, ती आता मी टाचून बसवतेय. सप्टेंबरात आई गेली. आण्णांना सांगितलं — रडले, विसरले. पुन्हा सांगितलं — पहिल्यांदाच ऐकल्यासारखे पुन्हा रडले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा तोंडून निघून गेलं, ‘मलकापूरला गेलीय, सम्मेदमामाकडं. वाकळेला पट्टी लागली की येईल.’

असं कशाला बोलले मी!

८ जानेवारी, बुधवार

खालच्या मजल्यावरची विद्याश्री ब्लाउज शिवते. टाचण्यांचा डबा बघून हसलीच.

‘आक्का, आण्णा दिवसभर त्या वाकळेवर हात फिरवत बसत्यात आणि तुम्ही टाचण्या टोचताय व्हय? गोंद लावा की! शाळेतल्या पोरांचा, पांढरा.’

‘वाकळेला गोंद? वही आहे का ती?’

‘बारीक रेघ वढायची, पट्टी दुमडून दाबायची, वरनं इस्त्री. मग निवांत हातशिलाई. धुतली की गोंद गेला, डाग न्हाय काय न्हाय.’

१० जानेवारी, शुक्रवार

एक बाजू चिकटवली. पाव तास! टाचण्यांनी सकाळ गेली असती.

गॅलरीत ऊन. वाकळ पायावर, कापडात इस्त्रीची ऊब. कधी डोळा लागला कळलं नाही. आई पाठमोरी बसून सुईत दोरा ओवत होती. मी हाक मारत नव्हते. मारली तर वळेल, वळली तर विचारेल — आण्णांना काय सांगितलंस? ती ओवत राहिली, दोरा संपतच नव्हता.

जाग आली तर आण्णा शेजारी. हात जांभळ्या तुकड्यावरून पिवळ्यावर, तिथून निळ्यावर. वाहत्या पाण्यात सोडल्यासारखा.

‘ही लुगडी तिचीच न्हवं?’

‘हो आण्णा.’

‘मग ती काय नेसून गेली मलकापूरला?’

‘नवं.’

‘मग मला कसं दावलं न्हाय?’

मी वाकळेची घडी घालायला लागले.

११ जानेवारी, शनिवार

पट्टी सुटली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. गोंद जुना असणार.

राग यायला हवा होता. आला नाही.

१३ जानेवारी, सोमवार

शाहूपुरीतून नवी बाटली आणली. सकाळी दोन बाजू चिकटवल्या, इस्त्री जास्त तापवली. पट्टी कडक बसली. संध्याकाळी बघते तर दोन्ही मोकळ्या!

विद्याश्रीला दाखवलं. ‘माझ्या गिऱ्हाइकांची चिकटतीय, तुमचीच कशी सुटतीय? आक्का, लिहायचंच काम करा तुम्ही.’

थंडीमुळं असेल, मी म्हणाले. एक गोष्ट तिला सांगितली नाही. चिकटली की शिवून टाकायची असते, आणि मी सुई हातातच घेत नाही. चाळीस वर्षं वर्तमानपत्राला मजकूर दिला, एकदा उशीर नाही. ही मुदत माझी मीच घातली, आणि रोज उठून तीच टाळतेय.

१५ जानेवारी, बुधवार

आई कधी येणार म्हणून आण्णांनी आज विचारलं नाही. कालही नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं. उलट दिवसभर कान तिकडंच.

१६ जानेवारी, गुरुवार

लेख पाठवला. बाकी काही नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

पुरे झालं. आज चारही बाजू चिकटवल्या, कोपरेसुद्धा नीट दुमडले. वाकळ पलंगावर पसरली तेव्हा खोलीत दुसरं काही दिसेना. आईच्या सगळ्या वर्षांचे रंग एकदम. मी दारातच उभी राहिले, आत पाय टाकवेना.

उद्या शिवणार. शिवून झाली की आण्णांच्या शेजारी बसून सांगणार. तिसऱ्यांदा.

१८ जानेवारी, शनिवार

दूध घेऊन आले. आण्णा गॅलरीत, वाकळ मांडीवर. ओला रुमाल पट्टीवर दाबायचे, थांबायचे, मग नखानं हळूच उचलायचे. एक धागा उसवत नव्हता. तीन बाजू मोकळ्या झाल्या होत्या. मला बघून दचकले नाहीत.

‘ऱ्हाऊ दे अर्धी,’ म्हणाले. ‘पुरी झाली की तुला परत सांगावं लागंल. दोनदा बघितलंय मी — सांगताना तुझं तोंड कसं हुतंय.’