न्हाणीच्या दाराशी

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा मी धाराशिवच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. तेरहून सकाळच्या एसटीनं जायचे. नोकरी लागली तेव्हा तुम्ही गावातल्या शिंप्याकडून पांढरा एप्रन शिवून आणलात आणि म्हणालात, "साडीवर ॲसिड सांडलं तर काय करशील?" शाबासकी द्यायची तुमची तीच रीत. आता मी कॅनडात आहे, आणि इथं काय करते ते तुम्हाला सांगायचं राहिलंय.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आम्ही इकडं आलो. हे एका गोदामात कामाला लागले. मी शाळांना अर्ज करत राहिले. एक बाई म्हणाल्या, पदवी इथं तपासून घ्यावी लागेल. घेतली. दुसऱ्या म्हणाल्या, इथला अनुभव हवा. तो कुठून आणू, असं विचारलं तर म्हणाल्या, "हो, ते अवघडच असतं." मुलाखतीला जाताना बसची वाट बघत बर्फात उभं राहून ओठ इतके बधिर व्हायचे, की आत गेल्यावर मला माझंच नाव धड उच्चारता यायचं नाही. त्यांना तर ते कधीच येत नव्हतं.

शेवटी एका वृद्धाश्रमात घेतलं. म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, कपडे बदलायचे, भरवायचं. मुलाखतीत तिथल्या मुख्य बाईंनी विचारलं, "घरी कुणाचं केलंय का?" मी म्हणाले, "वडिलांचं. पण ते हात लावू देत नव्हते."

अर्धांगवायूनं तुमची उजवी बाजू गेली होती. आई आधीच गेलेली. त्या दिवशी भावानं तुम्हाला न्हाणीत पाटावर बसवलं, पाणी काढून दिलं आणि तेवढ्यात कुणी बोलवायला आलं म्हणून तो शेताकडं गेला. मी आत आले, तर तुम्ही डाव्या हातानं धोतर ओढून घेतलंत.

"तू नको. बाहेर हो."

"अण्णा, पाणी गार झालंय. मी घालते की."

"लेकीनं बापाला न्हाऊ घालायचं न्हाय. थोरल्याला येऊ दे. तवर बसतो मी असाच."

मी दाराबाहेर उभी राहिले. थंडीचे दिवस. आत तुमचे दात वाजत होते, मला ऐकू येत होते. भावाला यायला लई उशीर झाला. संध्याकाळी ताप भरला, आणि त्या तापातून तुम्ही उठला नाहीत.

इथल्या एका म्हाताऱ्याला माझा हात नको असतो. कारण तुमच्यासारखं नाही. त्याला माझा रंग नको असतो. एकदा तो न्हाणीघरात ओलाच खुर्चीवर बसलेला, मदतीला दुसरं कुणी मोकळं नव्हतं. "गोऱ्या बाईला पाठवा," म्हणाला. नियम असा, की माणूस नको म्हणाला तर थांबायचं. मी थांबले. मग तो कुडकुडायला लागला आणि माझ्यानं बाहेर उभं राहवेना. आत जाऊन टॉवेलात गुंडाळलं, पाठ पुसली. त्यानं माझ्या तोंडावर मारलं. मी पुसत राहिले.

मुख्य बाईंनी बोलावून घेतलं. "त्याचं अंग, त्याची इच्छा. परत असं झालं तर काम जाईल." त्यांचं बरोबर होतं. तुमचंही बरोबर होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही. तो म्हातारा मला आजही हात लावू देत नाही.

हे लिहिलेलं तेरला पाठवायचं म्हटलं तर घरी भाऊच आहे, आणि त्या दिवसाबद्दल त्याच्याशी कुणीच बोलत नाही. तेव्हा राहू दे माझ्यापाशीच.

एक मात्र ह्यांनाही सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात एका शाळेचा फोन आला होता. प्रयोगशाळेत मदतनीस हवी होती, मुलाखतीला या म्हणाले. मी गेले नाही. ड्यूटी आहे असं त्यांना सांगितलं, पण त्या दिवशी मला सुट्टी होती. शिकवलेलं सगळं विसरले असेन अशी भीती वाटली, आणि ते खरं आहे का, हे मला बघायचं नव्हतं.