निरोपाचा घोळ

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बेकरीत भट्टीच्या उजेडात वाचलं. एवढी मोठी संशोधक झालीस, पण अक्षर अजून मुंगीच्या पायांचंच. तरी मुद्द्याची गोष्ट कळली. पिठाची धूळ लागली की श्वासनळीतल्या पेशी निरोप देतात, असं तू लिहिलंस. म्हटलं, चला, सुंठेवाचून खोकला गेला! दमा आपणहून निघालाय, तर त्याला अडवा कशाला? रोज ओढायचा दम्याचा तांबडा पंप बंद केला. धाप लागलीच तर म्हणून निळा तेवढा खिशात असतो. तेव्हापासून छातीत शिट्टी नाही. मामी म्हणते, शिट्टी वाजली नाही की मी घरात कुठे आहे ते तिला कळतच नाही.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

मामा

२० फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

मामा, मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, निरोप म्हणजे सांगावा, रजा नव्हे! पिठाचा कण टेकला की अस्तरातल्या पेशी इवली इवली प्रथिनं सोडतात. घरात चोर शिरलाय अशी हाकाटी ती करतात. मग शरीराची सगळी पलटण धावत येते. चोर कुठला, नुसता पिठाचा कण. पण पलटण घरातच धुडगूस घालते. अस्तर सुजतं, चिकटा साचतो, वाट अरुंद होते. तांबडा पंप ही हाकाटी दाबतो. निळा नुसतं दार किलकिलं करतो, आतली सूज तशीच राहते. तुम्हाला बरं वाटतंय ते अजून तांबड्याच्याच पुण्याईवर. अंगावर पाऊस पडत नाही म्हणून तुम्ही छप्परच काढलंत!

आजच डॉक्टरांकडे जा. थट्टा पुरे, मला भीती वाटतेय. गेल्या थंडीत तुमचे ओठ निळे पडलेले मी पाहिलेत.

रागावले आहे, तरी पाया पडते.

भिंगरी

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस मामीचे आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी पीठ चाळताना यांचा श्वास अडकला. निळा पंप मारून मारून संपला, तेव्हा दवाखान्यात नेलं. आता धोका नाही, घाबरू नकोस. तोंडावर मास्क, तरी हातवारे करून भट्टी किती तापवायची ते कारागिराला सांगत होते. नर्सला वाटलं, झटकाच आला.

औषध कुणी बंद करायला सांगितलं, असं डॉक्टरांनी विचारलं. तर म्हणाले, कुणी नाही, माझीच अक्कल चरायला गेली होती. तुझ्या पहिल्या पत्राचं नाव काढलं नाही. तुला कळवायचं नाही, असं मला बजावलंय. मी कधी कुणाचं ऐकलंय?

वेळेवर जेवत जा.

मामी

९ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

मामीच्या पोटात काही राहत नाही हे ठाऊक असून बजावलं, हा माझाच गाढवपणा. तू तिला लिहिलेलं पत्र वाचलं. निम्मी शाई पसरली आहे. मराठी माझी कच्ची आणि रडतेस तू?

तांबडा पंप पुन्हा चालू आहे. पीठ आता कारागीर चाळतो. मी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना पिडतो. एवढ्यानं भागलं नाही तर तुझ्या त्या प्रथिनांनाच अडवणारं इंजेक्शन आहे, असं डॉक्टर म्हणाले. आमची भाची त्याच खात्यात आहे, हे मी त्यांना छाती फुगवून सांगितलं. छाती फुगली, हे विशेष.

आता पत्रातून शिकवू नकोस. सुट्टी काढ आणि ये. समोर बसून सांग, मी मुकाट ऐकीन. मग माझ्या पाठीला कान लाव आणि तू ऐक.

मामा