डबीची मागची भिंत मोकळी ठेवण्याबाबत

कलम १. मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चष्म्याने आणि कोणाचंही न ऐकता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला डबीच्या दारावरच्या सोळाव्या कप्प्यात ठेवला आहे (डबी म्हणजे काय ते कलम ५ मध्ये). गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांचा इथे संबंध नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात समोरच्या वेल्डरबद्दल मी फारच सौम्य लिहिलं होतं.

कलम २. दुकानावरच्या दोन खोल्या, जिना आणि अंगण मी माझा मुलगा आणि सूनबाई या दोघांच्या नावे समान हक्काने देते. बँकेत जे असेल तेही दोघांचं. आईने सुनेचं नाव का घातलं, असं मुलाने विचारू नये. घरातली कात्री कुठे आहे हे तिला झोपेतही सांगता येतं, आणि त्याला डोक्यावरचा चष्मा सापडत नाही.

कलम ३. जाड कापडाचं मोठं मशीन सूनबाईला. तिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो, हे मी तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहून देते. मशीनला तेल रविवारी घालायचं आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवायचा नाही. मुलाला हे दोनदा सांगावं.

कलम ४. समोरच्या वेल्डरला माझी पितळी टोकांची मोजपट्टी द्यावी. डबीच्या पुढच्या टेकूचं माप त्याने नजरेने घेतलं आणि टेकू दोन बोटं तोकडा केला. वर मला म्हणाला, "काकू, हे बायकांचं काम नाही, तुम्ही पडदे बघा." पट्टी कशी धरायची ते सूनबाईने दाखवावं. शक्यतो दुकानात चार गिऱ्हाइकं असताना.

कलम ५. डबी. डबी म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं आमचं चाकांवरचं घर. आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद, आणि उंची अशी की ह्यांना टोपी काढूनच उभं राहावं लागे. 'हे' म्हणजे माझे यजमान, धंद्याने सुतार. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. डबी त्यांनी एका भंगारवाल्याच्या आवारातून आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. कोंबड्या बाहेर काढायला दोन दिवस लागले आणि त्यांचा वास बाहेर काढायला अख्खा उन्हाळा.

ही डबी मी माझ्या नणंदेला, म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहिणीला देते. त्या माझ्याहून वर्षाने लहान आहेत. तरी लग्न झाल्यापासून मी त्यांना 'वन्सं' आणि 'अहो' म्हणते, आणि त्या मला 'वहिनी' आणि 'अगं' म्हणतात. सेहेचाळीस वर्षांत ही उलटी रीत दोघींपैकी कोणालाही खटकलेली नाही. मुलगा म्हणतो, "आई, सहा वर्षं नुसती अंगणात उभी आहे, विकून टाकू." विकायची नाही.

आत काय कुठे आहे ते घेणाऱ्याला माहीत असावं, म्हणून लिहिते. वन्संना सगळं पाठ आहे, पण मला लिहायला बरं वाटतं.

दिवसा जे टेबल आहे त्याचे पाय दुमडले की ते दोन बाकांच्या मध्ये बरोबर बसतं आणि पलंग होतो. बिजागऱ्या ह्यांच्या, गादी माझी. कागदभर फट राहत नाही. बाकांची झाकणं उचलायला सीटच्या उरलेल्या चामड्याच्या वाद्या लावल्या आहेत, म्हणजे बोट चेमटत नाही. थंडीचे स्वेटर आणि शाली गुंडाळून लांब खोळीत भरल्या की दिवसभर टेकायला लोड तयार, त्यांना वेगळी जागा लागत नाही. पडद्यांच्या खालच्या दुमडीत लोखंडी वायसर शिवले आहेत, त्यामुळे वाऱ्याने पडदे फडफडत नाहीत. छताला जाळी आहे, तिच्यात टोप्या आणि टॉवेल. जमिनीखाली दोन्ही टोकांना झाकणं लावलेला प्लॅस्टिकचा पाइप आहे, त्यात बाहेरच्या सावलीच्या कापडाच्या काठ्या. काठ्या ओल्या असतील तर आत घालू नयेत. एकदा घातल्या आणि त्यांच्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या.

मसाल्याच्या बरण्या फळीवर नाहीत, फळीखाली आहेत. झाकणं फळीच्या खालच्या अंगाला स्क्रूने पक्की केली आणि बरणी फिरवून त्यांच्यात बसवायची. ही कल्पना वन्संची. हे तर थक्क होऊन बघतच राहिले. म्हणाले, "तीस वर्षं फळ्या ठोकतोय, त्यांना खालची बाजू असते हे आज कळलं."

दारावर मी बत्तीस कप्प्यांचा पडदा शिवला आहे. प्रत्येक कप्पा वस्तूच्या मापाचा. गाळणीचा गोल, बॅटरीचा लांबोडका, चष्म्याचा आतून मऊ. कापड सगळं गिऱ्हाइकांच्या सीटचं उरलेलं, त्यामुळे आमच्या रस्त्यावरची प्रत्येक जुनी गाडी त्या दारावर आहे. बारावा कप्पा वन्संच्या शाळेच्या बसचा, निळा.

आता वन्संबद्दल. त्यांनी चौतीस वर्षं शाळेची बस चालवली. एक ओरखडा नाही. मुलांच्या मांडीवरचे उघडे डबे सांडत नसत अशी त्यांची वळणं. डबी गाडीला जोडलेली असताना उलटं जाणं फार अवघड. चाक डावीकडे फिरवलं की डबी उजवीकडे जाते आणि माणसाची मती गुंग होते. वन्सं एका हाताने, आरशात बघत, बोलणं न थांबवता डबी आमच्या फाटकातून आत घेत. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा. वेल्डर हातातलं काम टाकून बघायला यायचा, आणि तेवढ्यापुरतं मी त्याला माफ करायची.

कलम ६. मागची भिंत. ह्यांनी डबीत इंचन् इंच वापरला, पण मागची भिंत मोकळी सोडली. दोन खुंट्या, त्यांच्यावर आमचे रेनकोट, बस. ते गेले तेव्हा मला वाटलं, काम अर्धवट राहिलं. मी ते पुरं करायला घेतलं. चार महिने खपले. पूर्ण भिंतीचं कपाट, एकवीस खण, प्रत्येकाला मांजरपाटाचं अस्तर, प्रत्येक खण स्वतःहून बंद होणारा. मधल्या खणात जुनं लोखंडी शिलाई मशीन, खाली पाण्याचे दोन मोठे कॅन, बाजूला ह्यांची हत्यारांची पेटी. आयुष्यात इतकं देखणं काम माझ्या हातून दुसरं झालं नाही. लोक बघायला येत आणि मी प्रत्येकाला एकवीसच्या एकवीस खण उघडून दाखवत असे.

जागा करताना मी डबीतून एकच वस्तू काढून टाकली. ती म्हणजे माणसांचा वजनकाटा. प्रत्येक प्रवासाच्या आधी हे तो काटा पुढच्या दांड्याखाली, गाडीला जोडायच्या टोकाखाली ठेवत, वाकून आकडा बघत, मग आत येऊन एखादी पेटी मागची पुढे करत. मला तो त्यांचा चाळा वाटायचा. आम्हा दोघींना आपापलं वजन समजायची काही निकड नव्हती. काटा भंगारात गेला आणि त्या जागी ताटल्या उभ्या ठेवायची चौकट आली.

पहिल्याच प्रवासाला निघालो तेव्हा पेट्रोल पंपावर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, मागे जड झालंय का गं? शेपूट हलतंय."

मी म्हणाले, "वन्सं, गाडी तुम्ही बघा, घर मी बघते."

पुढच्या उतारावर डबी डावी-उजवीकडे डोलायला लागली, गाडीलाही खेचायला लागली. वन्संनी ब्रेक न मारता, चाक घट्ट धरून आम्हाला रस्त्यावर ठेवलं, पण डबी सुटली आणि चरात आडवी झाली. कोणाला खरचटलंही नाही. आत एक बशी फुटली नव्हती, एक खण उघडला नव्हता. आणि मी, मला सांगायला लाज वाटते, तिथे जमलेल्या लोकांना तेच कौतुकाने दाखवत होते.

वन्सं चराच्या कडेला बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझा हात डळमळला. वय झालं." घरी मुलगा म्हणाला, "आत्या, आता गाडी चालवू नकोस." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. मी तिथेच उभी होते. मी मान डोलावली.

त्याला सहा वर्षं झाली. त्या दिवसापासून वन्संनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. भाजी आणायला चालत जातात. मुलाच्या गाडीत बसायची वेळ आली तर मागच्या सीटवर बसतात आणि पाय आपोआप ब्रेक दाबतो तो पदराखाली लपवतात. मी ते बघितलं आहे.

कलम ७. चार महिन्यांपूर्वी, या मृत्युपत्रासाठी वस्तूंची यादी करायला म्हणून मी ह्यांची हत्यारांची पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांच्या जाड पेन्सिलीने लिहिलं होतं: "दांड्यावर साठ किलो. चाळीसच्या खाली गेलं तर निघायचं नाही. मागे जड झालं की शेपूट हलतं. मागची भिंत मोकळी." ती पेटी मी स्वतः उचलून त्या भिंतीला लावली होती. झाकण उघडलं नव्हतं.

मी नवा वजनकाटा आणला. वन्सं दवाखान्यात गेल्या होत्या तेवढ्यात कपाट अपघाताच्या दिवशी होतं तसं भरलं, कॅन भरले, आणि काटा दांड्याखाली ठेवला. सतरा किलो. मग सगळे खण रिकामे केले, पेटी आणि कॅन पुढे आणले. एकोणसाठ.

म्हणजे वन्संचा हात डळमळला नव्हता. माझ्या कपाटाने डबी पाडली, आणि वन्संच्या हातांमुळे आम्ही दोघी वाचलो. हे मला चार महिन्यांपासून माहीत आहे. या चार महिन्यांत मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवले आहे आणि एक शब्द बोललेली नाही. आधी वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, मृत्युपत्रात लिहू, म्हणजे त्यांना कळेल तेव्हा मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. खरं कारण हेच. एवढी मी भित्री निघेन असं मला वाटलं नव्हतं.

मुलानेही हे वाचावं आणि आत्याची क्षमा मागावी. माझ्यासारखा उशीर करू नये.

कलम ८. वकीलबाईंनी सांगितलं आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून कलम ५ मधलं डबी देण्याचं वाक्य मी आत्ता रद्द करते. बाकी कलम तसंच राहू द्यावं, त्यात बरण्यांचं आहे. वन्संना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. डबी त्यांना मी मेल्यावर नको, आज द्यायची आहे. कागद वकीलबाईंनी करून दिला आहे आणि तो बाराव्या कप्प्यात, निळ्या, ठेवला आहे. त्यांनी टेबलावर ठेवलेली आमच्या गाडीची किल्लीही त्यातच आहे.

आणि साक्षीदार क्रमांक एक म्हणून मी वन्संनाच बसवलं आहे. त्या समोरच्या बाकावर मटार सोलत आहेत आणि "एवढं काय लिहितेस, वहिनी, आहे काय आपल्याकडे?" असं आत्तापर्यंत तीनदा विचारून झालं आहे. वन्सं वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाहीत. बसच्या ऑइल बदलल्याची पावतीसुद्धा त्या अख्खी वाचायच्या. हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच त्यांना बोलावलं.

मागच्या भिंतीचं कपाट मी उद्या स्वतः उतरवणार. ते सूनबाईने दोऱ्यांच्या रिळांसाठी दुकानात लावावं. तिथे कितीही जड झालं तरी चालतं.

माझं लिहून संपलं. आता कागद समोर सरकवते.

ठिकाण: अंगणात उभ्या असलेल्या डबीत, घडीच्या टेबलावर
दिनांक: १४ मार्च २०२३, मंगळवार, सकाळी साडेअकरा

लिहून देणार: (सही) सीटवाल्या काकू

साक्षीदार १: (सही) नणंद, निवृत्त बसचालक
पूर्ण वाचलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं, मटार सांडले. वहिनी, तू अर्धा तास माझ्याकडे बघत नाहीयेस, ते आता पुरे. कपाट उद्या नको, आज काढू, स्क्रू मी धरते. कॅन पुढे घ्यायचे. शनिवारी सकाळी सहाला निघायचं आणि तू माझ्या शेजारी पुढे बसायचंस. वजनकाटा तुझ्या मांडीवर.

साक्षीदार २: (सही) कोपऱ्यावरचा औषधवाला
मी काही वाचलं नाही. दोघी एकमेकींचा हात धरून रडत होत्या, त्या थांबेपर्यंत बाहेर उभा राहिलो आणि मग माझ्यादेखत सह्या झाल्या.