अध्यक्षांसाठी चार फूट

प्रिय सखे,

अध्यक्ष वाढले आहेत. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड फूट भरले, आणि काचेची पेटी मात्र तीच, दोन फुटांची. बबडीने हा वाळवंटातला सरडा आणला तेव्हा तो तिच्या तळहातावर मावत होता. सारखी मान डोलावतो म्हणून तिने नाव ठेवलं अध्यक्ष. वर मलाच सुनावलं, ‘बाबा, तुमच्या भाषणाला मान डोलावणारा घरात एक तरी हवा ना!’ तू पोट धरधरून हसली होतीस.

चार दिवस तो कोपऱ्यात काचेला चिकटून, तोंड वासून बसतो आहे. प्राण्यांच्या दुकानदाराने कारण सांगितलं. अशा सरड्याला पेटीचं एक टोक दिव्याखाली तापलेलं लागतं आणि दुसरं थंड. दोन फुटांत सगळीकडे सारखीच धग, बिचारा पळणार कुठे? एवढं सांगून त्याने मला तीन मजली उंच पेटी दाखवली. ‘घ्या साहेब, घराची शान वाढेल.’ माझं डोकंच फिरलं. जमिनीवर चालणाऱ्याला मजले कसले देता? शान तुमची आणि चटके त्याचे! ऊन हवं की सावली, एवढं ठरवायचा हक्क तरी त्या जिवाला ठेवाल की नाही? गिऱ्हाइकं बघत राहिली. दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘मग चार फूट लांब घ्या. पण ठेवणार कुठे, ते आधी मोजून या.’

मोजलं. स्वयंपाकघरात धूर. खिडकीखाली ठेवली तर उन्हाने काचेची भट्टी होईल. बाहेरच्या खोलीत तीन फुटांवर दार आडवं येतं. उरली आतल्या खोलीतली भिंत. तिथे बबडीची खाट आहे.

चौदा महिन्यांपूर्वी दवाखान्यातून आपण दोघंच परत आलो. त्या खाटेची चादरही तू बदलू दिली नाहीस. आणि सभा गाजवणाऱ्या तुझ्या नवऱ्याने घरातल्या घरात व्याख्यान झोडलं, की गेलेल्यांसाठी जागा अडवू नये, माणसाने पुढे बघावं. तू पिशवी भरलीस आणि बहिणीकडे निघून गेलीस. त्या भाषणातलं वाक्यन् वाक्य मला पाठ आहे. प्रत्येकाची लाज वाटते.

पेटी सांगून ठेवली आहे, रविवारी येईल. तू नको म्हणालीस तर अध्यक्षांना दुकानदाराकडे सोडीन. पण तिच्या हातून खाल्लेला तेवढाच एक जीव या घरात उरला आहे. म्हणून आज सकाळी पाना घेऊन खाट सुटी करायला गेलो. आधी उशी उचलली. तू खोलीत आणायला बंदी घातलेली ती अध्यक्षांच्या खाऊची, वाळक्या अळ्यांची डबी तिने उशीखाली लपवून ठेवली होती. अर्धी भरलेली. मी उशी होती तशी खाली ठेवली. पुन्हा उचलवेना. रविवारच्या आत ये. खाट काढायची की राहू द्यायची, ते तू सांग. मी काही बोलणार नाही, नुसता तुझ्याजवळ उभा राहीन.

तुझाच,
बबडीचा बाबा