पाट्यावरचं लिंबू

माय, तुझा पाटा माझ्याकडे आहे. आता त्यावर कुणी वाटत नाही, पण ओट्याखाली आडवाच ठेवला आहे, तुझ्या रीतीने. काल माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली आणि त्या पाट्यावरून बोलणं निघालं. त्यानंतर मला कशातच लक्ष घालता आलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मी अमरावतीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात. संध्याकाळी तू पाट्यापाशी, मी उंबऱ्यावर वही घेऊन. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचायचं हा तुझा नियम. "आज काय शिकवलं?" असं विचारल्याशिवाय तू चटणीत मीठ टाकत नव्हतीस. त्या दिवशी खडकांचा धडा होता. जमिनीतला तप्त रस थंड होऊन बनतो तो अग्निजन्य, आपला काळा दगड तोच. आधीचाच एखादा दगड खाली उष्णता आणि दाब सोसून पालटतो तो रूपांतरित; चुनखडीचा संगमरवर होतो तसा. तू वरवंटा थांबवलास. "म्हंजे सासुरवाशीण म्हण ना! अन् हा पाटा म्हंजे तुही आजी. निघाली तशीच हाये." आजी ओसरीवर होती, म्हणून आपण दोघी तोंडाला पदर लावून हसलो.

मग तू फळीवरून संगमरवरी पोळपाट काढलास. बाबांनी तो जबलपूरहून आणला होता. मागे एकदा तू त्यावर लिंबू चिरलं होतंस तेव्हा चकाकी गेली, पांढुरका चट्टा पडला, आणि बाबा चार दिवस तुझी अक्कल काढत होते. मग एक दिवस बाबा कचेरीत गेल्यावर तू पाट्यावर आणि पोळपाटावर शेजारीशेजारी लिंबू पिळून पाहिलं होतंस. आता तेच मला करून दाखवलंस. "पाट्यावर बारा महिने चिच वाटून राहिली मी, त्याले काही होत नाही. याच्यावर लिंबू पडलं का बारीक फेस येते. वाकून पाह्य. चूक माही नाही वं, दगडाची जातच तशी हाये." हे तू मला सांगितलंस, बाबांना कधीच नाही.

आठवड्याभरात सरांनी वर्गात विचारलं, प्रयोगशाळेतलं आम्ल हाताशी नसेल तर बेसाल्ट आणि संगमरवर यांची पारख घरी कशी कराल? मी उभी राहिले आणि लिंबू सांगितलं. सर खूश झाले. म्हणाले, उद्या करून दाखवा. घरी सांगितलं तेव्हा उजळलेला तुझा चेहरा मी पाहिला आहे. वरवंटा नेला असता तरी पुरलं असतं, तोही त्याच दगडाचा. पण तुला यायचं होतं, आणि पाटा जड आहे हे तुझं निमित्त होतं. आपण सायकलरिक्षाने गेलो. पाटा तुझ्या मांडीवर, पोळपाट माझ्या, आणि तुझ्या पदराच्या गाठीत दोन लिंबं जास्तीची, एखादं किडकं निघालं तर म्हणून.

तू बाहेर व्हरांड्यात खिडकीपाशी उभी राहिलीस. मागच्या बाकावरून एक मुलगा हलकेच म्हणाला, "वा! चटणी वाटायला बाईसुद्धा आणली." दोघेतिघे हसले. मी लिंबू पिळलं. पोळपाटावर फेस आला, पाटा नुसता ओला झाला. सरांनी सगळ्यांना जवळ बोलावून दाखवलं आणि मला विचारलं, "ही युक्ती कुणाची?" खिडकीत तुझा पदर दिसत होता. मी म्हणाले, "माझीच, सर."

परतीच्या वाटेवर राजकमल चौक मागे पडला. मग तू म्हणालीस, "नाव घेतलं असतं माह्यं, तं मी काय तुहे मार्क खाल्ले असते?" दुसऱ्या संध्याकाळी मी नेहमीसारखी वही उघडली. तू वाटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मनातच वाच. मले आवाज होते." त्यानंतर काय शिकवलं ते तू एकदाही विचारलं नाहीस. पुढची दोन वर्षं मी मनातच वाचलं.

मी अकोल्याला शिक्षिका झाले. वर्षानुवर्षं मुलींना लिंबाचा प्रयोग करून दाखवला. लिंबाने दगडात चुना आहे एवढंच कळतं, तो रूपांतरित आहे हे सिद्ध होत नाही, हेही बजावून सांगितलं. अर्धवट विधान मी कुणाचं चालू दिलं नाही. दुसऱ्याचं उतरवलेलं तर मुळीच नाही. तू एकदाच अकोल्याला राहायला आलीस, तेव्हा एका मुलीला मी घरी बोलावून झापत होते, कारण तिने निबंध मैत्रिणीच्या वहीतून उतरवला होता. ती रडत गेली. तू तांदूळ निवडत होतीस. एवढंच म्हणालीस, "जाऊ दे वं. पोरगी हाये." कुणाबद्दल म्हणालीस ते मी तुला विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस.

काल आलेली विद्यार्थिनी आता स्वतः शिकवते. ओट्याखालचा पाटा पाहून हसली. "बाई, हाच ना तो? मी अजून मुलींना तुमचाच प्रयोग दाखवते. तुम्हाला सुचला कसा?" या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्यापाशी कितीतरी वर्षं तयार होतं. तोंडून आलं ते असं: "सुचला, असाच." तिने मान डोलावली आणि चहा संपवला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुला पत्ता नाही, हे त्याचं कारण म्हणून सांगता येईल. पण तिचा पत्ता आहे. जाताना तिने स्वतःच्या हाताने माझ्या वहीत लिहून दिला आहे, आणि पोस्टकार्डही घरात आहे. तिला दोन ओळी पुरल्या असत्या. तुला लिहिणं सोपं होतं, म्हणून तुला लिहिलं.