प्रयागबाईची भिंत

४ जानेवारी १९७७, केनवड

आला आणि गेला. मुंबईचा कोठारे, गॅलरीवाला. सात पत्रं लिहिली तेव्हा कुठे आला! माझे अकरा देखावे चहा संपायच्या आत पाहून झाले. हातातला कपसुद्धा खाली ठेवला नाही गड्यानं. "स्वच्छ काम आहे," म्हणाला. वीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवतोय, एवढं कळतं मला — स्वच्छ म्हणजे नाही.

मग हात धुवायला अंगणात गेला तो तिथंच थांबला. समोर प्रयागबाईची भिंत. प्रयागबाई म्हणजे शेजारची म्हातारी माळीण, मळ्यातली वांगी-मेथी बाजारात विकते. फावल्या वेळी कडुनिंबाची काडी चावून तिचा कुंचला करते आणि चुन्यानं, गेरूनं भिंतीवर काहीबाही काढत बसते. एसटीला बैलाचे पाय. कंडक्टर बसहून मोठा. वांग्याच्या झाडावर बसलेली ती स्वतः.

कोठारे अर्धा तास हलला नाही. "मास्तर, हे महान आहे."

विचारलं, माझ्यात काय कमी आहे? तर म्हणे, "तुमच्यात चूकच सापडत नाही." हा काय जबाब झाला?

६ जानेवारी

डोक्यातून जात नाही. महान कशानं होतं? परवापर्यंत त्या भिंतीला मी सायकल टेकवत होतो, तेव्हा नव्हती महान. मुंबईच्या माणसानं म्हटलं की झाली? उद्या तो माझ्या पायपुसण्याला महान म्हणेल. यात त्याचा काहीतरी डाव आहे. म्हातारीला लिहिता-वाचता येत नाही. हा फोटो नेणार, आणि पेपरात नाव येणार कोठारेचं — यानं शोधून काढली म्हणून.

आणि म्हातारी तरी कुठे एवढी भोळी आहे? त्या दिवशी जाता जाता तो तिच्या दारात बसला होता. एवढा वेळ काय बोलत होते दोघं? मी गेलो तर गप्प.

बायको म्हणते, "तुमाले त् साऱ्याइचाच संशय येते." येतो. मग?

९ जानेवारी

कोठारेचं पत्र. अठराला पुन्हा येतोय, फोटोग्राफर आणि दिल्लीच्या कोणी बाई सोबत. "भिंतीला कोणी हात लावू नये, तेवढं तुम्ही बघा." माझ्या चित्रांबद्दल एक अक्षर नाही.

प्रयागबाईला निरोप दिला. म्हणजे — "अठराला मुंबईचे पाहुणे येतील तुमच्याकडे," एवढाच दिला. हात लावू नका, हे नाही सांगितलं. पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडची बाई घराचं काय करते, हे मला माहीत नाही का?

१० जानेवारी

अकराही चित्रं फडक्यानं पुसली. अठराला ओसरीवर लावीन. भिंत नसली तर पाहावीच लागतील त्याला.

१३ जानेवारी

अजून भिंत तशीच आहे. संध्याकाळी सायकल काढताना नीट पाहिली, पहिल्यांदाच. कंडक्टरचा हात बसबाहेर आहे, कुणाला तरी वर ओढून घेतोय. कोण ते दिसत नाही, नुसता उडालेला पदर दिसतो. घरात येऊन माझ्या चित्रातली बस पाहिली. 'रिसोड रस्ता, सकाळ.' चाकं कंपासनं काढलेली, सावल्या बरोबर. पण ती बस उभीच आहे. ती काही निघत नाही.

जाऊन सांगून टाकावं असं वाटलं. उठलो, चप्पलही घातली. मग परत येऊन बसलो.

१७ जानेवारी

भिंत पांढरीफटक.

सकाळी दात घासत उभा होतो. दहा पावलांवर प्रयागबाई घमेल्यात चुना कालवत होती. "पाहुने येऊन राह्यले ना मास्तर, घर कसं चांगलं दिसलं पायजे."

"हो तर," म्हणालो. पहिला हात तिनं बसवरच फिरवला. मी चूळ भरली आणि आत आलो.

१८ जानेवारी

कोठारे जीपमधून उतरला, भिंत पाहिली आणि ओट्यावर मटकन बसला. प्रयागबाई हात जोडून म्हणाली, "गरिबाचं घर हाय साहेब, पोतारून-सारवून ठेवलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — अडाणी माणसं, काय करणार, अशी. माझी चित्रं ओसरीवर ओळीनं लावलेली होती. तिकडे वळलासुद्धा नाही. दिल्लीच्या बाई पाणीही न पिता जीपमध्ये जाऊन बसल्या. आले तसे गेले.

लाज वाटते. चित्रांची नाही.

१९ जानेवारी

प्रयागबाई मेथीची जुडी घेऊन आली. चित्रं ओसरीवर तशीच होती, एकेक पाहत उभी राहिली. मला राहवेना. म्हणालो, "चूक माझी आहे. भिंतीला हात लावू नका, हे मी सांगायला पाहिजे होतं."

"त्यानंच सांगतलं होतं मले, पयल्याच दिवशी. भिंत अशीच ठेव म्हने."

"मग काहून पोतारली?"

"त्या दिवशी तुमचं तोंड एवढुसं झालं होतं मास्तर. म्या पाह्यलं ना दारातून. म्हटलं, माही भिंत कोरी दिसली म्हंजे तो तुमचेच चित्रं पाहीन. माहं काय, मी उद्या पुन्हा काढीन." मग चित्रांकडे बोट दाखवून म्हणाली, "पाह्यले ना मंग त्यानं?"

मी हो म्हणालो.